सैतानाच्या पाठीवरची टोपली

१९ जुलै, रविवार

पाळीची काठी आली. एरवी कामिल ती माझ्या दाराच्या कडीला अडकवून निघून जातो. आज उभा राहिला.

"घ्या, थोरल्या घरच्या बाईसाहेब! चॅपल झाडून ठेवलंय."

"तू झाडलेलं मी परत झाडते, माहीत आहे ना तुला?"

"म्हणून तर अर्धंच झाडतो."

त्र्याहत्तर पूर्ण झाली याला! शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या बाकाला बांधायचा. सुधारणा शून्य.

पुस्तिकेची मुदत पाच ऑगस्ट. खोऱ्यातलं एक चर्च आणि सात चॅपलं. चारांचं लिहून झालं. साप्ताहिकात चाळीस वर्षं मृत्युलेख आणि गुरांचे बाजार लिहिले, एकदाही मुदत चुकवली नाही. संतांसाठी कशाला चुकवीन?

२० जुलै

रेगुलाबाई सकाळी सातला दारात हजर. चॅपलमधली जुनी भिंतचित्रं मोकळी करायला आलेली बर्नची बाई, प्रोटेस्टंट. संतांशी तिचं घेणंदेणं नाही, पण त्यांची तोंडं कापसानं अशी पुसते की जणू नातवंडं जेवून उठली आहेत. जूनभर खपून तिनं उत्तरेच्या भिंतीवरचा चुना काढला. आधी संत थिओडूल निघाला, मग त्याच्या पायाशी घंटा वाहणारा सैतान. त्यात नवल नाही. संतानं सैतानाला घंटा वाहायला लावली ही गोष्ट आमच्या वालिस प्रांतात दुधाबरोबर पाजतात.

पण आज त्याच्यामागं आणखी एक सैतान निघाला! बारका, काटकुळा, जीभ बाहेर. पाठीवर टोपली. टोपलीत गोल गोल डोकी.

रेगुलाला माझ्या हातातल्या काठीचंच कुतूहल. ही चार चिन्हं कसली? सांगितलं — वाडीत बारा महिने राहणारी चारच घरं उरली, त्यांच्या या घरखुणा. ज्याच्याकडे काठी त्याच्याकडे चॅपलची किल्ली. आठवडाभर झाडायचं आणि दिवसातून तीन वेळा घंटा वाजवायची. काठी खालून वर वाचायची. आधी आल्बिन खानावळवाला, मग क्रेसेन्झ मावशी, मग कामिल, सगळ्यात वर मी. आल्बिनची खूण उभी रेघ, तिला एक आडवी. मावशीचा बाण. माझी उभी रेघ आणि दोन आडव्या.

"आणि ही? तुमचीच आहे, फक्त खाली एक तिरकी रेघ जास्त?"

ती कामिलची. तीनशे वर्षांपूर्वी आमच्याच घरातून एक भाऊ वेगळा निघाला. वेगळ्या चुलीला खुणेत एक रेघ जास्त, हा नियम.

"आणि चुली पुन्हा एक झाल्या तर?"

चौकस बाई. मी तिला सामानाच्या खोलीत टांगलेली जुनी काठी दाखवली. बाणवाल्यांचीही तेव्हा दोन घरं होती; क्रेसेन्झ मावशीची आई त्यांतल्या धाकट्या घरची, बाप थोरल्या. लग्न झालं तेव्हा धाकट्या बाणाची शेपटी सुरीनं तासून टाकली. लाकडावर अजून खळगा लागतो बोटाला. दोन बाण एकसारखे — त्या घराला मग नवी काठी होईपर्यंत महिन्यात दोनदा झाडावं लागलं. मावशी म्हणते, आईला लग्नाचा पश्चात्ताप झाला तो तेवढ्यासाठीच.

२१ जुलै

टोपलीच्या काठावर एक उभी रेघ निघाली. डागणीनं उमटवल्यासारखी काळी. रेगुला म्हणाली, "खालचा तडा असेल." मी म्हटलं, "बाई, टोपलीच्या काठावरची रेघ म्हणजे घरखूण. आमच्या घराघरातल्या टोपलीवर आहे."

मी हे बोलले ही चूक. दारात आल्बिन उभा होता.

दुपारपर्यंत अख्खी वाडी भिंतीसमोर. सैतान कुणाच्या घराची माणसं उचलून चाललाय? क्रेसेन्झ मावशी चौऱ्याऐंशीची, दोन काठ्यांवर चालते, पण पहिली पोचली.

"ते डावीकडचं डोकं बघ. नाक बघ ना! आल्बिन, तुझा आजा!"

"माझ्या आज्याला नाक कुठं होतं मावशी, थंडीत झडलं होतं."

"मग नरकात परत मिळालं असेल."

कामिल मागून म्हणाला, "मधलं डोकं तोंड उघडं ठेवून बोलतंय. म्हणजे थोरलं घर." सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही.

रेगुला दिवसाला हातभर भिंत मोकळी करते. त्याहून भरभर करता येत नाही म्हणते.

२२ जुलै

पहिली आडवी रेघ. बाण नाही! क्रेसेन्झ मावशी सुटली. तिनं चॅपलमध्येच खुर्चीवर बसून जर्दाळूची दारू उघडली. "माझी माणसं स्वर्गात आहेत, मला ठाऊकच होतं. तुम्ही तिघं आपसात बघून घ्या."

संध्याकाळी पाचवं चॅपल लिहिलं. दातदुखीच्या संत अपोलोनियाचं. तिच्या हातातला चिमटा तीनदा चोरीला गेला. तिन्ही वेळा गुरांच्या डॉक्टरच्या पेटीत सापडला. छापू का? छापते.

२३ जुलै

दुसरी आडवी रेघ. आल्बिन सुटला. संध्याकाळी सगळ्यांना चीज वितळवून घातलं, वर पांढरी वाइन. इतका आनंद त्याला मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता.

आता दोन घरं उरली. खाली तिरकी रेघ निघाली तर कामिल, नाही निघाली तर मी.

कामिल माझ्याच टेबलाशी येऊन बसला. बटाट्यावर चीज ओढत म्हणाला, "काय वाटतं फिलो? तू का मी?"

"तुझा पणजा दुसऱ्याच्या कुरणात गवत कापायचा."

"तुझा पणजा ते कुरण आपलंच आहे म्हणून सांगायचा. मोठं पाप कुठलं?"

उत्तर घरी येताना वाटेत सुचलं. नेहमीचंच.

नंतर वडिलांची आठवण झाली. चॅपलमध्ये पहिल्या बाकावर ताठ बसायचे. कामिलच्या घरच्यांना 'खालच्या रेघेची माणसं' म्हणायचे, अगदी त्यांना ऐकू जाईल असं. आता मी एकटी. लग्न केलं नाही, भाऊ नाही. माझ्यामागं ही खूण कुणी कशावर उमटवणार नाही. म्हणजे आमच्या घराबद्दल छापील अशी शेवटची ओळ काय राहणार? 'यांची टोपली सैतानाच्या पाठीवर आहे.' आणि ती लिहायचीही मीच!

२४ जुलै

सगळं लिहून काढते, मग झोप लागेल.

साडेअकराला रेगुलानं खुणेखालचा वीतभर भाग मोकळा केला. खाली काहीच नाही. साफ, करडा गिलावा. उभी एक, आडव्या दोन, बस.

आमची खूण.

ती म्हणाली, "संध्याकाळी घंटेनंतर सगळ्यांना दाखवू." हात धुतले आणि क्रेसेन्झ मावशीकडे जेवायला गेली. बाराची घंटा मी वाजवली. दोर सोडला. किल्ली माझ्याकडे. आत कुणी नाही.

धूपदाणीजवळच्या डब्यात कोळशाचे तुकडे असतात. एक घेतला. शिडीच्या तीन पायऱ्या चढले — एकाहत्तराव्या वर्षी! — आणि खुणेखाली एक तिरकी रेघ ओढली. डाव्या हातानं. उजव्या हातानं शिडी धरली होती. रेघ ओढून झाल्यावर फुंकर मारली. वर संत थिओडूल माझ्याकडे बघत होता. त्याला म्हटलं, "तुम्ही सैतानाला कामाला लावलंत, मी कोळशाला."

हात धुतला. बाहीला लागलंच थोडं.

संध्याकाळची घंटा वाजवली. सगळे आले. आल्बिननं विजेरी मारली.

"पाय आहे! खुणेला खाली तिरका पाय आहे! कामिल, बस टोपलीत!"

मी कामिलकडे बघितलं नाही. मग बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. मग टोपी काढून सैतानाला नमस्कार घातला आणि म्हणाला, "निदान आमच्या घरच्यांना चालावं लागलं नाही."

२५ जुलै

रेगुलानं काल साफ गिलावा पाहिला होता, तरी रेघेबद्दल विचारलं नाही; त्या भागाकडे फिरकलीही नाही. आता खालचा पट्टा घेतला आहे, जमिनीलगतचा. ओल फार, हळू चाललंय. बरंय.

२६ जुलै, रविवार

काठी आल्बिनला दिली. किल्ली देताना हात हलका वाटला.

२९ जुलै

कामिलचं नाव आता टोपलीवाला. दुधाच्या गाडीवाल्यानं विचारलं, "आत गरम होतं का हो?" म्हणाला, "तुमच्यासाठी जागा धरून ठेवली आहे." क्रेसेन्झ मावशी त्याला रोज विचारते, खालच्या जगात हवा कशी आहे. तो रोज वेगळी सांगतो. आज वाफ होती. काल गारा.

मला वाटलं होतं मला मजा येईल. येतेही. म्हणजे, यायला हवी.

सहावं चॅपल संपवलं. हिमलोटानं तीनदा वाहून नेलं आणि लोकांनी तीनदा त्याच जागी बांधलं. रेगुलानं विचारलं, का? मी म्हटलं, जागा चॅपलची आहे, हिमलोटाची नाही.

१ ऑगस्ट

राष्ट्रीय सण. सूर्य डोंगराआड जायच्या आतच होळी पेटवली, पावसाची लक्षणं होती म्हणून. कामिल आला तो पाठीवर जुनी टोपली घेऊन, कपाळाला बकऱ्याची शिंगं बांधून! मुलं किंचाळत पळाली, मग परत येऊन टोपलीत बसायला रांग लावली. त्यानं एकेकाला होळीभोवती फिरवलं. चौथ्या फेरीला धाप लागली तेव्हा माझ्यासमोर येऊन टोपली टेकवली.

"थोरल्या घरचं कुणी येणार का? जागा आहे."

"तुझ्या टोपलीचं बूड तुटेल."

"बूड तीनशे वर्षं टिकलंय. तुझ्या घरातूनच नेली होती ना आम्ही वेगळे निघताना. मजबूत माल."

त्याच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर त्याला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. हे माझ्या कोळशानं केलं, असं स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही.

४ ऑगस्ट

सातवं चॅपल. आमचं. सकाळपासून एकच वाक्य सात वेळा लिहिलं. 'टोपलीवरील खूण धाकट्या घराची असल्याचे दिसते.' 'दिसते' या शब्दानं पत्रकाराची किती पापं झाकली असतील!

५ ऑगस्ट

पुस्तिका छापखान्यात गेली. वेळेत.

९ ऑगस्ट, रविवार

काठी कामिलकडे. पुढच्या रविवारी, सोळाला, संत थिओडूलचा सण. बिशपांचे प्रतिनिधी येणार. भिंतीला आशीर्वाद, मग मिरवणूक.

क्रेसेन्झ मावशीनं मला थांबवून विचारलं, "तुला बरं नाही का? तोंड उतरलंय." उन्हामुळं असेल म्हटलं. ढग होते.

१२ ऑगस्ट

सरळ लिहिते.

रेगुलानं दुपारी हाक मारली. चौघंही गेलो. जमिनीलगतच्या पट्ट्यात अक्षरं निघाली होती. जुनी जर्मन, गिचमिड, पण पूर्ण. तिनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं —

'तीन उन्हाळे ज्या टोपलीतून या देवघराचे दगड वर आले ती टोपली इथं काढली आहे. ज्या घराची खूण, त्या घरासाठी एक प्रार्थना म्हणा.'

मग आल्बिन म्हणाला, "दगड? पण ती डोकी —"

"डोकी कुठं आहेत?" रेगुला म्हणाली. "गोटे आहेत, नदीतले. डोळे तुम्ही म्हणता ते ओलीचे डाग. परवा पुसले मी. बघा."

वर बघितलं. गोटे. साधे, गोल, करडे गोटे. नाक नाही, तोंड नाही. संतानं एका सैतानाला घंटा वाहायला लावली आणि दुसऱ्याला दगड. आणि दगडांची टोपली ज्यांची, त्यांचा हा मान! नरक नव्हे. कृतज्ञता. तीनशे वर्षं चुन्याखाली दडलेली, आणि नेमकी आमच्या —

कामिलच्या घरची.

"म्हणजे तो माझा आजा नव्हता?" आल्बिन. जरा नाराजच वाटला.

क्रेसेन्झ मावशी म्हणाली, "बघा, बघा! खालच्या रेघेची माणसं! आणि तुझा बाप, फिलो, उभा जन्म पहिल्या बाकावर!"

मी घरी आले. वरच्या खोलीत जाऊन आमची जुनी टोपली बघितली. काठावर उभी एक, आडव्या दोन. तिच्यावर हात ठेवून किती वेळ बसले! तीन उन्हाळे दगड वाहिले माझ्या माणसांनी. आणि मी तो मान एका रेघेनं देऊन टाकला. कुणी मागितलाही नव्हता.

१३ ऑगस्ट

छापखान्यात फोन केला. छापून झालं. पाचशे प्रती.

घंटा वाजवून कामिल बाहेर आला. मी दाराशीच होते. म्हणाला, "हा चित्रकार डावखुरा होता वाटतं."

"का?"

"काही नाही. बाकीच्या रेघा एकीकडे झुकतात, शेवटची दुसरीकडे. शाळेत मास्तर कुणाला तरी डाव्या हातावर पट्टी मारायचे. कुणाला गं?"

आणि शीळ घालत निघून गेला! मेला!

१४ ऑगस्ट

याला सगळं माहीत आहे आणि हा मजा बघतोय, असं मानून अख्खा दिवस त्याला शिव्या घातल्या. एकीकडे जर्दाळूचा केक भाजला, सणासाठी. खालून करपला.

चारला रेगुला ब्रश धुवायला माझ्या नळावर आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, भिंत सणापर्यंत पुरी होणार ना?

"झालीच. एक कोळशाची रेघ तेवढी पुसायची राहिली. खुणेखालची. ती जुनी नाही, कुणीतरी या उन्हाळ्यात काढलेली आहे. माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं."

नळ चालू होता. मी बंद केला.

"मग बोलला का नाहीत?"

"मी भिंत साफ करते, गाव नाही," ती म्हणाली. "पण पुसायच्या आधी विचारावं लागतं. ज्याच्याकडे किल्ली त्याला विचारायचं, असं तुम्हीच सांगितलंत. आधीच्या दोन आठवड्यांत विचारलं असतं तर तुमचे आल्बिन आणि मावशी खोरंभर सांगत सुटले असते. म्हणून सोमवारी कामिलना विचारलं. ते म्हणाले, राहू द्या. सण होऊ दे."

सोमवारी. म्हणजे दहा तारखेला.

अक्षरं निघाली बाराला.

दहा तारखेला ती टोपली नरकाचीच होती. त्या दिवशी त्यानं 'पुसा' म्हटलं असतं तर तो सुटला असता आणि मी आत. त्याला ठाऊक होतं. 'राहू द्या' म्हणाला. आणि क्रेसेन्झ मावशीला वाफ आणि गारा सांगत राहिला.

केक टाकून दिला. दुसरा लावला.

१५ ऑगस्ट

मरियमेचा सण. खाली मोठ्या चर्चला गेले. पुस्तिका आल्या. सुंदर छापल्या आहेत. पान एकतीस, आमच्या चॅपलचं, उघडलं, मिटलं.

पाद्रीबाबांना गाठून सांगावं म्हटलं. त्यांच्याकडे चार गावं, मोटारसायकलवर बसलेलेच होते. म्हणाले, "उद्या, उद्या! फिलोमेनाबाई, तुमचं पान एकतीस मी उद्याच्या प्रवचनात घेतलंय!" आणि धूर.

१६ ऑगस्ट, संत थिओडूल

चॅपल भरून लोक दारापर्यंत. बिशपांचे प्रतिनिधी उंच, वाकून आत आले तरी डोकं आपटलं. मी पहिल्या बाकावर, वडिलांच्या जागी. ताठ बसता आलं नाही.

पाद्रीबाबांनी भिंतीकडे हात करून सगळं सांगितलं. दगड, टोपली, तीन उन्हाळे. "आणि ते घर आज आपल्यात आहे. धाकटं घर!" सगळ्या माना कामिलकडे. मी उठायला लागले. खरंच लागले, गुडघ्यावर हात ठेवून निम्मी उठले होते. तेवढ्यात मागून त्याचाच आवाज.

"पाद्रीबाबा, एक सांगायचंय."

उभा राहिला. टोपी हातात, केस पाण्यानं चापून बसवलेले.

"टोपली आमची नाही. थोरल्या घराची. आम्ही वेगळे निघालो तेव्हा उसनी नेली आणि परत करायला विसरलो. तीनशे वर्षं झाली, राहूनच गेलं. तेव्हा प्रार्थना त्यांच्या नावानं म्हणा. टोपलीचं मी बघतो."

चॅपल हसून फुटलं. प्रतिनिधीही हसले आणि पुन्हा डोकं आपटलं, यावेळी दिव्यावर. पाद्रीबाबा गोंधळले आणि दोन्ही घरांसाठी म्हणून टाकली. मी तोंड ओंजळीत धरून बसले. शेजारी क्रेसेन्झ मावशी. "रडतेस का हसतेस?" म्हणाली. "एक काय ते नक्की कर, मला रुमाल द्यायचा की कोपर मारायचं ते कळू दे."

मिरवणुकीत पहिली पताका त्याच्याकडे होती. तो ती माझ्यापुढं आडवी धरून म्हणाला, "एक टोक धर. जड आहे." जड नव्हती. धरलं.

दुपारी सगळे आल्बिनकडे जेवायला पांगले, तेव्हा कामिलला गाठलं. सकाळपासून ठरवलेली चार वाक्यं होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"किल्ली दे," म्हटलं.

त्यानं दिली. मग दुसऱ्या खिशातून ओलं फडकं काढून दिलं. घडी घातलेलं.

"शिडी लावून ठेवली आहे. मी धरतो. मागच्या वेळी कुणी धरली होती?"

"कुणी नाही."

"म्हणून वाकडी आली."

तो शिडी धरून उभा, मी वर. एकदाच पुसलं, गेली. खाली करडा गिलावा, साफ. उभी एक, आडव्या दोन. उतरून म्हटलं, "पाचशे प्रतींत तुझं घर छापलं आहे. माझ्या हातानं. एकेक दुरुस्त करत बसणार आता."

"कशाला? राहू दे तसंच."

"चूक आहे ती, कामिल."

"आज आहे," म्हणाला. आणि किल्ली घेऊन जेवायला गेला. काठी द्यायची राहिली. माझी पाळी आजपासून सुरू. विसरला असेल.

१७ ऑगस्ट

सकाळी दाराच्या कडीला काठी. कुणी नाही. दार वाजवून पळाला.

आत घेऊन बघितली. त्याच्या खुणेखालची तिरकी रेघ तासून टाकली आहे. ताजं, पांढरं लाकूड. बोटाला खळगा लागतो, क्रेसेन्झ मावशीच्या आईबापांच्या काठीवर लागतो तसाच. वर माझी, खाली त्याची — उभी एक, आडव्या दोन. उभी एक, आडव्या दोन.

सहाची घंटा झाली. कुणी वाजवली? पाळी कुणाची, हे आता काठीवरून कळत नाही.